एका बांधीतील चार शास्त्रे

(नागभीड येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. ती मी आनंदाने शिरसावंद्य मानतो. आज ज्या मुलामुलींचा गौरव झाला, त्यांपैकी बहुतेकांनी वैद्यक किंवा अभियांत्रिकी यांपैकी एक वाट धरण्याचा संकल्प बोलून दाखविला. त्यांच्या संकल्पास यश लाभो. परंतु या दोन वाटांखेरीज एक तिसरी वाट आहे आणि तिच्याकडे आपल्या समाजाचे लक्ष अद्याप जावे तितके गेलेले नाही. ती वाट संशोधनाची होय.

संशोधन म्हटले की आपल्यापुढे दूरदेशीची प्रयोगशाळा, काचेची भांडी आणि न समजणारी इंग्रजी परिभाषा उभी राहते. हे काम मोठ्या शहरांतील मोठ्या लोकांचे, आपण धानाच्या मुलखातील माणसे, आपला त्याच्याशी संबंध काय, असे पुष्कळांस वाटते. ही समजूत दूर करावी एवढाच आज माझा हेतू आहे. आपल्या तालुक्यातील धानाच्या कोणत्याही एका बांधीच्या धुऱ्यावर उभे राहिले तर चार प्रश्न सहज पडतात. ही माती अशी का? या पाण्याचा व थंडीचा स्वभाव कोणता? या बांधीत नेमके पिकले किती? आणि हे बियाणे कोठून आले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूविज्ञान देते, दुसऱ्याचे भौतिकशास्त्र, तिसऱ्याचे संख्याशास्त्र आणि चौथ्याचे कृषिशिक्षण. या चारही शास्त्रांतील मोठी कामे आपल्या मुलखाशी किंवा आपल्या भाषिकांशी निगडित आहेत, हे मी आता क्रमाने सांगतो.

प्रथम मातीचा विचार करू. येथून पश्चिमेस वर्धा-यवतमाळाकडे जावे तो काळी कपाशीची जमीन लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून जो लाव्हा थरावर थर पसरला, त्याच्या झिजेतून ती निर्माण झाली. वैनगंगेच्या या खोऱ्यात मात्र त्या लाव्ह्याहून कितीतरी प्राचीन असा कठीण, स्फटिकमय खडक पायाखाली आहे. या खडकात पाणी मुरते ते केवळ वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत. पाऊस पुष्कळ, पण भूमीच्या पोटात साठवण अल्प, अशी येथील स्थिती आहे. म्हणून आपल्या पूर्वजांनी विहिरीपेक्षा तलावावर भिस्त ठेविली. दोन टेकड्यांमधील सखल जागा हेरून पाळ घालावी, पाणी सोडण्यास तुडुम ठेवावे, जादा पाणी वाहून जाण्यास सलंग ठेवावी आणि खालच्या बांध्या क्रमाने भिजवाव्यात, ही त्यांची रीत. आपला कोहळी समाज तलाव बांधण्यात आणि ऊस-धान पिकविण्यात निष्णात आहे, असे रसेल यांनी १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात नमूद केले आहे.

आपल्याला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि तो वाटावा. तथापि त्याबरोबर एक प्रश्नही स्वतःस विचारला पाहिजे. पाळीची जागा कशी हेरली, माती कोठून आणली, तिचा पाया किती रुंद ठेविला, तुडुमाची उंची कशावरून ठरविली, हे सारे ज्ञान त्यांनी कोठे लिहून ठेविले? कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बरडी ही मातीची नावे आजही आपल्या तोंडी आहेत. सरकारी जमाबंदीनेही ती स्वीकारली. पण त्या नावांमागचे निरीक्षण कोणत्याही वहीत उतरले नाही. ते हाताकडून हाताकडे आणि बापाकडून मुलाकडे गेले. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले, आणि देखभाल करणारा हात व तलाव यांची ताटातूट झाली. आता त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा तलाव’ म्हणतात. कित्येक गाळाने भरले. गाळ उपसण्यास यंत्रे मिळतात. परंतु मूळ खोली किती होती, गाळ कोठवर काढावा आणि पाळीच्या पायाला धक्का न लावता कोठे थांबावे, हे सांगणारी नोंद मिळत नाही. ज्ञान असूनही ते लिहिले गेले नाही, तर दोन पिढ्यांत ते असे नाहीसे होते.

आता दुसरा प्रश्न, पाणी व थंडी यांचा. पाळ तळाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद का? पाण्याचा दाब त्याच्या विस्तारावर अवलंबून नसून खोलीवर अवलंबून असतो, हे त्याचे कारण. मैलभर पसरलेला उथळ तलाव पाळीला जितका रेटतो, त्याहून लहान पण खोल तलाव अधिक रेटतो. हा भौतिकशास्त्रातील पहिल्या पाठांपैकी एक पाठ आहे आणि पाळ बांधणाऱ्याच्या हातांना तो ठाऊक होता.

थंडीविषयीची गोष्ट याहून मनोरंजक आहे. १९३२ साली पुण्याच्या वेधशाळेत शेतीच्या हवामानाचा अभ्यास करणारी स्वतंत्र शाखा निघाली. तिची धुरा डॉ. एल. ए. रामदास यांच्याकडे होती. ते सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे शिष्य. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते. म्हणून सर्वांत थंड जागा जमिनीचा पृष्ठभाग हीच असली पाहिजे, असे सर्व पुस्तके सांगत. रामदास व त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी उष्णतामापक वेगवेगळ्या उंचीवर ठेवून पाहिले, तो सर्वांत थंड थर जमिनीवर नसून काही अंगुळे ते हातभर उंचीवर आढळला. म्हणजे जवस-लाखोळीसारखी पिके ज्या उंचीवर उभी असतात, साधारण त्याच उंचीवर! अनेक वर्षे जगातील विद्वानांनी यावर विश्वास ठेवला नाही. मापकातच दोष असावा असे म्हटले गेले. पुढे इतर ठिकाणी तेच पुनःपुन्हा दिसले. शतकाच्या अखेरीस बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी त्याची गणिती उपपत्तीही मांडली. आज त्या थराला ‘रामदास थर’ हेच नाव आहे. पुस्तक एक सांगत होते, मापक दुसरे सांगत होता. रामदासांनी मापकाची साक्ष तारीखवार लिहून ठेविली आणि ती टिकली.

तिसऱ्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी भूविज्ञान आणि संख्याशास्त्र यांना जोडणारी एक हकीकत सांगितली पाहिजे. कारण ती आपल्या दक्षिणेकडील प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातील आहे. कलकत्त्यास प्रशांतचंद्र महालनोबिस नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. केंब्रिजहून परतताना संख्याशास्त्राचे एक नियतकालिक त्यांच्या हाती आले आणि त्या शास्त्राचा त्यांना ध्यास लागला. १९३१ साली त्यांनी भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली. बंगालच्या पुरांची कारणे, तागाच्या पिकाचा अंदाज, असे व्यवहारातील प्रश्न त्यांनी आकड्यांच्या साहाय्याने हाताळले. १९५७ साली त्यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या पामेला रॉबिन्सन या विदुषी आल्या आणि संख्याशास्त्राच्या त्या संस्थेत भूविज्ञानाचे काम सुरू झाले. या मंडळींनी प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातून एका महाकाय, दीर्घग्रीव प्राण्याची हाडे खणून काढली. तो ज्युरासिक काळातील डायनोसॉर होता. १९७५ साली त्याचे ‘बारापासॉरस टागोराय’ असे नामकरण झाले. ‘बारा-पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि टागोराय हे रवींद्रनाथांच्या स्मरणार्थ. त्याचा सांगाडा आज कलकत्त्याच्या त्या संस्थेत उभा आहे. भौतिकशास्त्राचा प्राध्यापक संख्याशास्त्राची संस्था काढतो आणि ती संस्था आपल्या शेजारच्या नदीकाठी भूविज्ञान करते! शास्त्रांमधील कुंपणे आपण समजतो तितकी उंच नसतात. आणि ती हाडे आपल्या शेजारी पडली असता त्यांची ओळख पटविणारा डोळा मात्र कलकत्त्याहून व लंडनहून यावा लागला, याचाही विद्यार्थ्यांनी विचार करावा.

आता तिसरा प्रश्न, बांधीत पिकले किती? हा प्रश्न दिसतो सोपा, परंतु त्यावर आपल्या प्रत्येकाच्या घरचा पैसा अवलंबून आहे. गावची पैसेवारी किती लागली, पीक विम्याची भरपाई मिळणार की नाही, हे पीक-कापणी प्रयोगाच्या आकड्यांवर ठरते. काही निवडक शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखून कापतात, तेवढे धान चुरून मोजतात आणि त्यावरून साऱ्या मंडळाचे उत्पन्न काढतात. मग तो तुकडा किती मोठा असावा? १९४० नंतरच्या दशकात यावर मोठा वाद झाला. महालनोबिस लहान वर्तुळाकार तुकड्यांच्या बाजूचे होते. त्यांना उत्तर देणारे संख्याशास्त्रज्ञ सातारा जिल्ह्यातील बुध या खेड्याचे सुपुत्र डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. लहान तुकडा कापला तर उत्पन्न फुगून येते, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले.

हे असे का होते, ते साध्या हिशेबाने पाहता येईल. एक मीटर लांब व एक मीटर रुंद तुकडा आखला. कडेवरचे रोप आत की बाहेर, असा संशय आला की कापणाऱ्याचा हात ते आतच घेतो. समजा, चारही बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटरची पट्टी अशी आत आली. तर तुकडा एक चौरस मीटरचा न राहता एक पूर्णांक एकवीस शतांश चौरस मीटरचा झाला. उत्पन्न शेकडा एकवीसने फुगले. आता दहा मीटर लांब व तितकाच रुंद तुकडा घ्या. हाताची चूक तीच, पट्टी तीच. पण वाढ शेकडा दोन एवढीच. लहान तुकड्यात कड अधिक आणि पोट कमी, म्हणून चूक मोठी होते. ज्या वर्षी पीक बुडाले त्या वर्षी आकडा शेकडा वीसने फुगला, तर भरपाईवर पाणी सोडावे लागेल. म्हणून कापणी प्रयोगाच्या वेळी तुकडा कोणी आखला, दोरी ताणली की सैल सोडली, कडेची रोपे कशी घेतली, हे पाहण्यास गावातील एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी धुऱ्यावर हजर असलीच पाहिजे. संख्याशास्त्राचा याहून प्रत्यक्ष उपयोग कोणता सांगावा? सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. १९५४ साली त्यांनी आणि विनायक गोविंद पानसे यांनी मिळून लिहिलेला शेतीविषयक संख्याशास्त्राचा ग्रंथ देशभरच्या कृषिमहाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासला गेला आहे.

चौथा प्रश्न बियाण्याचा; आणि त्याचे उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे नाव येथे ठाऊक नसलेला मनुष्य विरळा. शिक्षण तिसरीपर्यंतचे, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली ‘पटेल-३’ या वाणाच्या पिकात त्यांना वेगळ्या, पिवळसर छटेच्या लोंब्या दिसल्या. हजारो लोंब्यांत त्या वेगळ्या आहेत, हे पाहणारा डोळा त्यांच्यापाशी होता. त्यांनी त्या जपून ठेविल्या, दुसऱ्या वर्षी शेताच्या मधोमध लहानशा जागेत लावल्या, रानडुकरांपासून राखण्यासाठी काट्यांचे कुंपण केले, आणि वर्षानुवर्षे निवड करीत वाण स्थिर केला. दाणा बारीक, भात चवदार, उतारा चांगला. त्या काळी एचएमटी घड्याळांची चलती होती. व्यापाऱ्याने तेच नाव धानाला दिले. तो ‘एचएमटी’ आज महाराष्ट्राच्या सीमा ओलांडून छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि आंध्रापर्यंत ताटात पोहोचला आहे.

पुढील भाग विद्यार्थ्यांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावा. १९९४ साली सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्राने हे बियाणे नेले आणि १९९८ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसृत केला. मूळ बियाणे भेसळीचे होते, ते आम्ही शुद्ध केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. मूळ निवड माझी, तिचे श्रेय मला मिळाले नाही, असे दादाजींचे म्हणणे. शास्त्राच्या दृष्टीने पाहता निवड हे एक काम आहे आणि शुद्धीकरण हे दुसरे काम आहे. दोन्ही कामांस श्रम लागतात, दोन्हींची किंमत आहे. पण निवडीवाचून शुद्धीकरणास वस्तूच मिळत नाही. म्हणून पहिल्या हाताचे नाव कागदावर पहिले असले पाहिजे. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींच्या कामाची दखल घेतली आणि २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. २०१० साली ‘फोर्ब्स’ने त्यांचे नाव जगापुढे नेले. तरीही त्यांचे आयुष्य ओढग्रस्तीतच गेले आणि ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले. एचएमटीखेरीज ‘डीआरके’ आदी अनेक वाण त्यांनी मागे ठेविले. शेतकऱ्यास वाणाचा निर्माता म्हणून हक्क देणारा कायदा आपल्या देशाने २००१ साली केला. तोवर एचएमटी दूरवर पसरून गेला होता.

दादाजी आपल्या ज्ञातीचे नव्हते. ज्ञातीच्या स्मरणिकेत त्यांचे नाव कशाला, असे कोणाच्या मनात आले तर मी नम्रपणे इतकेच म्हणेन की, आपल्या पूर्वजांच्या तलावाचे पाणी खालच्या बांधीत शिरताना बांधीच्या मालकाची जात विचारीत नव्हते, आणि त्यांच्या वाणाचा भात आपल्या पंगतीत वाढताना आपणही ती विचारीत नाही. ज्ञातिसंस्थेचे काम आपल्या माणसांना हात देण्याचे आहे. डोळे झाकण्याचे नव्हे.

आता या सर्वांतून आपण काय घ्यावे? तलाव बांधणाऱ्यांपाशी डोळा होता, दादाजींपाशी डोळा होता. आपल्या मुलखात निरीक्षणाची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती नोंदीची. जे पाहिले ते त्याच दिवशी तारीख घालून लिहावे. नवे बियाणे जुन्याच्या शेजारी त्याच बांधीत लावून तुलना करावी. एका बांधीवर विश्वास न ठेवता वरच्या, मधल्या व खालच्या अशा तिन्ही बांध्यांत करून पाहावी. आणि आपले म्हणणे खोटे ठरले तरी तोही आकडा वहीत राहू द्यावा. संशोधन याहून फारसे निराळे नाही. शिक्षणाने याच सवयीला धार येते आणि तिची भाषा जगाला कळेल अशी होते.

म्हणून मंडळापुढे मी तीन सूचना ठेवतो. पहिली, शिष्यवृत्तीच्या रकमेतून दरवर्षी निदान एक शिष्यवृत्ती भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, भूविज्ञान किंवा कृषिविज्ञान यांत पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्यासाठी राखून ठेवावी आणि त्याने किंवा तिने आपल्या विषयावर एक टिपण मराठीत या स्मरणिकेस द्यावे, अशी अट असावी. १९०६ सालापासून नागपुरास कृषिमहाविद्यालय आहे, २०११ पासून गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ आहे, सिंदेवाहीचे केंद्र तर हाकेच्या अंतरावर आहे. दारे दूर नाहीत. दुसरी, प्रत्येक कुटुंबाने शेताची एक वही ठेवावी: पाऊस, पऱ्हे टाकल्याचा दिवस, रोवणा, वाणाचे नाव, रोग, उतारा. ती घरातील स्त्रीच्या हाती असावी असे मला वाटते. रोवणा तिच्या हाताने होतो, बियाणे तीच निवडून ठेविते, आणि वेगळी लोंबी बहुधा तिच्याच नजरेस प्रथम पडते. मग नोंदीवर तिचे नाव का नसावे? तिसरी, येत्या उन्हाळ्यात आपल्या गावोगावच्या मामा तलावांची लांबी, खोली, तुडुम, सलंग यांची मोजणी विद्यार्थ्यांनी करावी आणि म्हाताऱ्या मंडळींना विचारून त्यांचे ज्ञान लिहून घ्यावे. ज्यांच्या आठवणीत पाळीची डागडुजी अजून जिवंत आहे, अशी माणसे आता थोडीच उरली आहेत. तलावातील मासे व वनस्पती यांची माहिती ढिवर बंधूंपाशी आहे. तीही आदराने विचारावी व त्यांच्या नावानिशी लिहावी.

सत्कार झालेल्या विद्यार्थ्यांना शेवटी एकच सांगणे. तुम्ही डॉक्टर व्हा, इंजिनियर व्हा. परंतु तुमच्यापैकी एखाद्याला मातीचा, पाण्याचा, आकड्यांचा किंवा बियाण्याचा प्रश्न स्वस्थ बसू देत नसेल, तर नोकरीच्या भीतीने त्याने तो प्रश्न सोडून देऊ नये. आणि आईवडिलांना विनंती, की अशा मुलाला किंवा मुलीला ‘यात मिळणार काय’ असे पहिल्याच दिवशी विचारू नये. चार वर्षे थांबावे. धानाचा वाण स्थिर व्हायलाही तितकी वर्षे लागतातच.